छाती वाढायची वर्षं

माय,

आज तुझ्या नातीची उंची मोजली. टाचा भिंतीला, पाठ ताठ, नजर समोर, आणि डोक्यावर बांधलेला तो केसांचा झुपका सोडायला लावून, कारण आजकालच्या पोरी केसांतच चार बोटं उंची लपवतात. ती माझ्याएवढी झाली आहे. खरं तर थोडी जास्तच, पण ते मी तिच्यापुढे कबूल केलेलं नाही. उंची मोजायचं कारण म्हणजे आज तिच्या छातीची तपासणी होती, आणि गेलं वर्षभर मी या दिवसाला भिऊन होते. काय निघालं ते सांगते, पण लगेच नाही. तूही बातमी अशीच अडवून धरायचीस. आधी चहा होऊ दे म्हणायचीस आणि आम्हाला तुझ्या तोंडाकडे बघत बसवायचीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली, नातीचं तोंडही तू पाहिलं नाहीस, तरी तिचं काही बरंवाईट झालं की पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटतं. तिच्या बापाचा नंबर नंतर लागतो.

मी काय काम करते तेही तुला माहीत नाही. परभणीत लेकरांच्या छातीचा एक दवाखाना आहे, तिथं मी असते. लेकरू नाकाला चिमटा लावून खुर्चीवर बसतं, मी त्याच्या तोंडात नळी देते, छातीत मावेल तेवढा श्वास घ्यायला लावते आणि मग म्हणते, फुंक. एकदम जोरात, आणि मग थांबायचं नाही, अजून, अजून, अजून, पार तळ लागेपर्यंत. माझा आवाज बाहेरच्या बाकड्यांपर्यंत जातो. नवीन आलेल्या एखाद्या बापाला वाटतं, आत कुणाची तरी खरडपट्टी चालली आहे. पूर्वी मी लेकरांना सांगायची, चूल पेटवताना फुंकतात ना, तसं. ती नुसती टकाटका बघायची. गॅसच्या काळातली लेकरं ती. आता वाढदिवसाची मेणबत्ती म्हणते, ते खेड्यातल्या लेकरालाही कळतं. मग पडद्यावर रेघ उमटते. किती हवा बाहेर आली, सुरुवातीला किती जोरात आली, ते त्यावरून समजतं. पण नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, लेकराची छाती त्याच्या उंचीच्या मानानं बघावी लागते, म्हणून आधी भिंतीला उभं करायचं. जन्मलेल्या लेकराचं फुप्फुस पुरतं तयार नसतं, माय. पहिली दोन-तीन वर्षं त्यात हवेच्या नव्या नव्या बारीक पिशव्या तयार होत राहतात, मग त्या मोठ्या होत जातात, बरगड्यांचा पिंजरा रुंदावत जातो. पोरींचं हे वाढणं अठरा-वीस वर्षांपर्यंत चालतं, पोरांचं त्याहून थोडं पुढे. एवढ्या काळात जेवढी छाती कमावली तेवढी. पुढे जन्मभर त्यातूनच खर्च होतो. डॉक्टरबाईंनी हे मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी कामावर नवीन होते. मी शहाण्यासारखी मान डोलावली, आतल्या खोलीत गेले, नळ सोडला आणि रडले. त्यांना वाटलं असेल नळ्या धुतेय. रडू यायचं कारण असं की ही गोष्ट मी आधी एकदा ऐकलेली होती. तुझ्या तोंडून, जिनिंगच्या गेटपाशी, थोबाडीत खाऊन.

देवगाव फाट्याजवळची ती जिनिंग. दसरा झाला की सुरू व्हायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद. गाड्या भरून कापूस यायचा, मशीन सरकी आणि रुई वेगळी करायची, आणि तुम्ही बाया मशीनच्या तोंडाशी कापूस लोटत उभ्या. डोक्याला फडकं, नाकावर पदर. संध्याकाळी बाहेर आलात की सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या, सगळ्या एकाच वयाच्या दिसायच्या. मी तान्ही होते तेव्हापासून तिथं. रुईच्या ढिगाच्या कडेला धडपं टाकून तू मला निजवायचीस आणि शेजारणीला सांगायचीस, मालकाच्या पोरीलाबी एवढी मऊ गादी न्हाई. दुपारी मुकादम सगळ्यांना गुळाचा खडा वाटायचा, गळ्यात बसलेलं कापसाचं बारीक तूस त्यानं खाली उतरतं म्हणून. तू अर्धा खायचीस आणि अर्धा माझ्यासाठी ठेवायचीस. माझ्या हातात येईपर्यंत त्याला रुईचे तंतू चिकटलेले असायचे. मी ते जिभेनं बाजूला सारत सारत खायची आणि मला ते फार आवडायचं. अजूनही गूळ तोंडात टाकायच्या आधी मी तो उजेडात धरून बघते. तुझी नात हसते मला.

आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, जिनिंगला सुट्टी असायची. आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलीस की तुझी छाती आवळायची. एकट्या तुझीच नाही, बऱ्याच जणींची. दुपार कलली की सुरू व्हायचं, घरी येईपर्यंत तुला बोलायला श्वास पुरायचा नाही, नुसत्या हाताच्या खुणा. मग दुसऱ्या दिवशी जरा कमी, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी, आठवडा सरता सरता मोकळं. परत सुट्टी, परत तेच. तुम्ही बायांनी यावर बसून विचार केला आणि निकाल लावला, की सुट्टी बाधते. एक दिवस घरी बसलं की छातीची सवय मोडते. त्यात चुकीचं वाटावं असं काहीच नव्हतं, दिसत तर अगदी तसंच होतं. बाबांनाही पटलं. ते मोंढ्यात हमाली करायचे, म्हणाले, मी दोन दिवस पोतं उचललं नाही की माझी कंबरही अशीच धरते. मग तू सुट्टी घेणंच सोडलंस. बाजाराच्या दिवशी आवार झाडायला, सांडलेली रुई वेचायला मालकाला कुणीतरी हवंच असायचं, तू जाऊ लागलीस. बरोबर मी, कारण सुट्टीनंतर मीही खोकायची आणि मलाही सुट्टी बाधते असं ठरलं होतं. मला काय, मला ढिगात उड्या मारायला मिळायच्या. आठवड्याचे सगळे दिवस आपण दोघी त्या पांढऱ्या धुरळ्यात, एकमेकींच्या नजरेसमोर, आणि खरं सांगू, माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं सुखाचं काही मला आठवत नाही.

पावसाळ्यात जिनिंग बंद असायची आणि तू खुरपायला जायचीस. त्या महिन्यांत मी खोकत नसे. हे तुझ्या लक्षात कधी आलं, कसं आलं, ते तू कधीच बोलली नाहीस. मी चौथीत होते. दसरा झाला, जिनिंग सुरू झाली, शाळा सुटल्यावर मी दप्तर फेकून सरळ रुईत उडी घेतली. संध्याकाळी माझ्या छातीतून शीळ यायला लागली. तू मला मांडीवर पालथं घेतेस, पाठीला कान लावतेस. चुलीवर पिठलं आहे. ते करपतं, वास सुटतो, बाबा दारातून ओरडतात, तरी तू कान काढत नाहीस. तुझ्या कानाची पाळी गार लागतेय मला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नेहमीसारखी जिनिंगवर आले. तू मला गेटातून शिरताना पाहिलंस, हातातलं काम टाकून आलीस, दंडाला धरून मला परत गेटबाहेर ओढत नेलंस आणि सगळ्यांच्या समोर थोबाडीत दिलीस.

“इथं पुन्ना पाय ठेवायचा न्हाई,” तू म्हणालीस.

मी रडत विचारलं, मग तू का येतीस? तू पदरानं भुवया पुसल्यास. मला वाटलं आता दुसरी बसणार. पण तू खाली बसलीस, माझ्याएवढी झालीस, आणि हळू आवाजात म्हणालीस, “तुझी छाती आजून वाढायलीय. माही झाली वाढून.”

मला यातलं काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की तू मला हाकललंस. तुला तरी कितपत कळलं होतं कोण जाणे. माझ्यापुरतं तू अचूक ओळखलंस आणि स्वतःच्या बाबतीत मात्र सुट्टी बाधते हेच धरून बसलीस. माणसाला एकाच दुखण्याची लेकरासाठी वेगळी आणि स्वतःसाठी वेगळी कारणं सापडतात. आठ दिवसांत तू मला वालूरला मावशीकडे नेऊन सोडलंस, तिथल्या शाळेत नाव घातलंस. मावशी जिवाला जीव देणारी होती, मला तिनं कधी काही कमी पडू दिलं नाही, पण तिच्या लुगड्याला कापसाचा वास नव्हता. पहिले काही दिवस मी तुझ्यावर रुसून बसले होते आणि ठरवलं होतं, की आलीस तरी बोलायचं नाही. मग बाजाराचा दिवस आला आणि तू खरंच आलीस. फाट्यावरून सेलू, सेलूहून वालूर, दोन गाड्या बदलून, माझ्यासाठी कागदात बांधलेले मुरमुरे घेऊन. त्यानंतर दर आठवड्याला. शाळा सुटते, मी गाड्या थांबतात तिथं पळत जाते, तू कधीची येऊन उभी आहेस, धुतलेलं लुगडं, भुवया काळ्याभोर. मला आधी तुझी ओळखच पटत नाही इतकी तू तरुण दिसतेस. परत जायच्या गाडीला तू कधी मागे वळून बघायची नाहीस. मी गाडीचा धुरळा बसेपर्यंत उभी राहायची.

एकदा मी ओट्यावर अभ्यास करत होते आणि आत तू मावशीला सांगत होतीस. “उद्या लय आवळतंय बघ छातीत,” तू म्हणालीस. मावशी म्हणाली, मग कशाला येतीस दर खेपेला, महिन्यानं ये. तू म्हणालीस, “तिला बघितल्याबिगर करमत न्हाई.” माय, मी हे वाक्य तेव्हा ऐकलं आणि पुढचं गणित करायला घेतलं. लेकरं अशीच असतात. ते वाक्य मला खरं ऐकू आलं ते पंधरा-वीस वर्षांनी, दवाखान्यात. डॉक्टरबाई कुणाला तरी जिनिंगमधल्या बायांच्या छातीबद्दल सांगत होत्या. बाधत असतं ते कापसाचं तूस. एक दिवस त्यापासून लांब राहिलं की छाती जरा सावरते, आणि दुसऱ्या दिवशी परत तूस गेलं की चिडून उठते. आठवडाभर तेच खाऊन खाऊन गप्प होते, बरी होत नाही. मी हातातली नळी तशीच धरून ऐकत राहिले. म्हणजे वालूरला माझ्याजवळ घालवलेला प्रत्येक दिवस तुझ्या छातीला लाभत होता. आणि तुझी मात्र पक्की खात्री, की या पोरीला बघायला गेले म्हणून उद्या मला त्रास होणार. त्रास होणार हे धरून तू यायचीस. मला त्या दिवशी किती आनंद झाला आणि किती वाईट वाटलं हे मला अजून नीट सांगता येत नाही. तुला गाठून एवढंच सांगायचं होतं, की सुट्टी बाधत नव्हती गं. अजून दोन दिवस राहायला हवी होतीस. आठवडाभर राहायला हवी होतीस. पण तोवर फार उशीर झालेला होता. मी बारावीत असतानाच तू गेलीस. शेवटच्या हिवाळ्यात तुला आडवं होता येत नव्हतं, बाजेवर उशा रचून बसल्या बसल्या झोपायचीस. पन्नाशीसुद्धा गाठली नाहीस. तुझी छाती कुणी कधी मोजली नाही.

आता नातीचं ऐक. ती दिवस भरायच्या दोन महिने आधी आली. एवढीशी, काचेच्या पेटीत, नाकात नळ्या. जगली, खोडकर निघाली, पण दरवर्षीचे आकडे जोडून काढलेली तिच्या छातीची रेघ पहिल्यापासून इतर लेकरांच्या खालीच. डॉक्टरबाई म्हणायच्या, ज्या त्या लेकराची आपली वाट असते. रेघ खाली असली तरी चालेल, पण वर चढत राहिली पाहिजे, थांबता कामा नये. ती चढत होती. दरवर्षी मी स्वतः तिला भिंतीला उभं करायची आणि दरवर्षी थोडं हायसं वाटायचं. गेल्या वर्षी मात्र पोरगी अचानक ताडमाड वाढली. जूनमध्ये घेतलेला शाळेचा ड्रेस दिवाळीला आखूड झाला, तिच्या बापानं कौतुकानं सगळ्यांना दाखवला. आणि तपासणीत आकडा होता तिथंच. उंचीच्या मानानं तर चांगलाच खाली. मला ते खरंच वाटेना. मी तिला पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा लावलं, शेवटी पोरगी रडकुंडीला आली आणि डॉक्टरबाईंनी येऊन माझ्या हातातून नळी काढून घेतली. त्या म्हणाल्या, या वयात आधी पाय वाढतात, छाती मागाहून येते. घाबरू नका, वर्षभर वाट बघू. मी हेच दुसऱ्यांच्या आयांना रोज सांगते. स्वतःच्या पोरीवर वेळ आली तेव्हा माझा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. मला वाटलं, हिची छाती वाढायची थांबली. जेवढी कमावली तेवढीच आता, आणि पुढचं सगळं आयुष्य पडलंय.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. परभणीच्या रस्त्यांवरची धूळ, शेजाऱ्याची अगरबत्ती, शाळेतला खडू, मी कशावर संशय घेतला नाही ते विचार. घरात फोडणी द्यायची तरी हिला गच्चीवर पाठवायची. ती अभ्यास करत बसली की मागून जाऊन पाठीला कान लावायची. ती म्हणायची, आई, मी काय रेडिओ आहे का? मी हसायची आणि कान काढायची नाही. अशा वेळी तू लागायचीस, माय. मोठ्या माणसाला आई लागत नाही असं लोक म्हणतात, ते कुणी ठरवलं मला माहीत नाही. मला कुणी औषध सांगायला नको होतं. मला फक्त शेजारी बसून हिच्या पाठीला दुसरा कान लावणारं कुणीतरी हवं होतं, आणि तसं माणूस जगात एकच होतं.

आज तिला खुर्चीवर बसवलं, चिमटा लावला, नळी दिली. तिनं मोठ्ठा श्वास घेतला आणि फुंकलं. आणि मला ओरडता येईना. एवढ्या लेकरांना ओरडून फुंकायला लावणारी मी, नुसती पडद्याकडे बघत उभी. तिनं फुंकता फुंकताच डोळे वटारले माझ्याकडे, म्हण की! मग म्हणाले कशीबशी, अजून, अजून, अजून. ती तळापर्यंत गेली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. छाती वाढलीय, माय. पायांना पार गाठलं नाही, इतरांच्या खालीच आहे अजून, पण रेघ वर चढलीय, चांगली चढलीय. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून काही वर्षं वाढायची आहेत हिची. मी बरं म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तिथून रस्ता दिसतो, ऑटोवाले दिसतात, कुणालाही हाक मारून सांगावं असं वाटत होतं. तुला सांगावं असं वाटत होतं.

मागून तिनं माझा हात ओढला. पाकिटातून नवी नळी काढून माझ्यापुढे धरली होती. “आता तू फुंक,” ती म्हणाली. “बघू कुणाची जास्त येते.” मी म्हणाले, मला सर्दी झालीय. ती माझ्याकडे बघत राहिली. सकाळपासून माझ्याबरोबर असलेली पोरगी, तिला काय कळत नाही?

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. इतकी वर्षं मी त्या मशीनपाशी बसतेय आणि त्या नळीत मी एकदाही फुंकलेलं नाही. मशीन बरोबर चालतंय ना हे बघायला दवाखान्यातल्या कुणीतरी अधूनमधून फुंकायचं असतं. मी दर वेळी कंपाउंडरला बसवते आणि सर्दी झालीय म्हणते. जिना चढताना मला धाप लागते, तेव्हा वय झालं म्हणते. माझी छाती वाढायची पहिली वर्षं कुठं गेली हे मला ठाऊक आहे. आकडा कमी आला तर तो कशानं कमी आला हे मला कुणी समजावून सांगायला नको. आणि मग मला तुझा राग येईल. तो मला यायला नको आहे, माय. म्हणून मला सर्दी असते.